मेंदूला चुंबकाचे उपचार घेतले तर गर्भ टिकतो का? अमळनेरकडच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २९, सासर अमळनेर तालुक्यात. तीन वेळा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा आठव्या ते दहाव्या आठवड्यात गर्भ गेला. शेवटच्या वेळेपासून रात्री छातीत धडधड होते, झोप लागत नाही. हातातल्या घड्याळात एचआरव्हीचा, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा, आकडा २४ दिसतो आणि खाली ‘ताण जास्त’ अशी ओळ येते. बाहेरगावच्या एका केंद्रानं फोनवर सांगितलं, की डोक्याला चुंबकाचे उपचार दिले की हृदयाची लय सुधारते, ताण उतरतो आणि पुढचा गर्भ टिकतो. तीस बैठकांचं पॅकेज आहे. पैसे भरायचे का, असं तुम्ही दोघं विचारताय.

गर्भ टिकावा म्हणून भरू नका. तसा पुरावा कुठेही नाही. पण तुमची झोप गेली आहे, धडधड होते आहे, मन खचलं आहे, त्याचा इलाज करायलाच हवा. त्या इलाजात पुढे कधी चुंबकाच्या उपचाराचीही जागा येऊ शकते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून विकल्या जाताहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. धुळे-जळगाव भागात काम करते आणि टीएमएस, म्हणजे डोक्याला चुंबकाचे उपचार देणारं हे यंत्र, स्वतः वापरते. त्या उपचाराबद्दल मला आदरच आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर नको ते वचन दिलेलं मला सहन होत नाही.

आधी मेंदू आणि हृदय यांचं नातं समजून घेऊ, कारण केंद्रानं सांगितलेल्यातला अर्धा भाग खरा आहे. हृदयाला स्वतःचा ठोका आहे. मेंदूकडून काहीच संदेश आले नाहीत तर ते मिनिटाला साधारण शंभर ठोके देत राहील. आपली नाडी बसल्या जागी सत्तरच्या आसपास असते ती व्हेगस नावाच्या नसेमुळे. गाडीवान बैलांचा कासरा थोडा ओढतो, थोडा सैल सोडतो, तसं ही नस हृदयाला क्षणोक्षणी आवरत असते. श्वास आत घेताना ती जराशी ढिली पडते, ठोके किंचित वाढतात. श्वास सोडताना ती आवळते, ठोके उतरतात. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच एकसारखं नसतं. हा जो फरक, तोच एचआरव्ही, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. फरक बऱ्यापैकी असेल तर व्हेगसचा ताबा चांगला आहे असं आम्ही समजतो.

या नसेला हुकूम येतो मेंदूच्या देठातून, आणि देठावर वरून लक्ष ठेवतात कपाळामागचा भाग, त्याच्या आतला सिंग्युलेट नावाचा पट्टा आणि भीतीचं केंद्र असलेला अमिग्डाला. माणूस दुःखात, धास्तीत असला की कपाळामागच्या भागाची पकड सैल होते, भीतीचं केंद्र जागंच राहतं आणि व्हेगसचा ताबा कमी होतो. आमच्याकडे येणाऱ्या बाया अहिराणीत सांगतात, ‘मना जीव घाबरस, छातीमा धडधड व्हस’. शरीरात घडतं ते हेच. ही नाटकं नाहीत आणि मनाचे खेळही नाहीत. नाडी बोटाखाली लागते.

टीएमएसमध्ये डोक्यावर एक कॉइल धरतात. तिच्यातून विजेचा प्रवाह झटकन सोडला की चुंबकक्षेत्र तयार होतं आणि कवटीखालच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या मेंदूत सूक्ष्म प्रवाह उमटतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं २००८ साली त्याला मान्यता दिली. नेहमीची पद्धत म्हणजे कपाळाच्या डाव्या बाजूच्या मेंदूवर सेकंदाला दहा स्पंदनं, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. एका बैठकीला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. नव्या पद्धतीत तीन मिनिटांत काम होतं, तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. भूल द्यावी लागत नाही, फिट आणली जात नाही, बाई स्वतः चालत येते आणि चालत जाते. आपल्याकडे ‘शॉक’ म्हणतात तो उपचार वेगळा. औषधांनी फरक न पडलेल्या नैराश्यात टीएमएसनं साधारण निम्म्या रुग्णांना चांगला गुण येतो आणि सुमारे एक तृतीयांश जवळपास पूर्ण बरे होतात. हे आकडे लहान नाहीत.

हृदयावर परिणाम होतो का? होतो, थोडासा. स्पंदनं चालू असताना काहींची नाडी उतरते, हे नोंदवलं गेलं आहे. मेंदूच्या त्या जागेचा व्हेगसशी संबंध आहे, याची ती खूण आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नाडी किंचित कमी आणि एचआरव्ही किंचित जास्त असं दिसलं. पण सगळ्यांत नाही, आणि ते किती टिकतं हे माणसागणिक बदलतं. हृदयाची लय दुरुस्त करणारा उपचार म्हणून टीएमएसला मान्यता नाही.

तुमच्या केंद्रानं यापुढे जी उडी मारली ती इथून. लय सुधारली म्हणजे ताण गेला, ताण गेला म्हणजे गर्भ टिकला. या साखळीचा शेवटचा दुवाच नाही. वारंवार गर्भपाताबद्दल युरोपातल्या ईएसएचआरई या संस्थेची मार्गदर्शिका आहे, जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ ती वापरतात. ताण आणि वारंवार गर्भपात एकत्र आढळतात, पण ताण हे गर्भ जाण्याचं थेट कारण असल्याचा पुरावा नाही, हे जोडप्यांना सांगा, असं ती बजावते. उपचारांच्या शिफारशींत मेंदूच्या उत्तेजनाचं नावही नाही. आणि उलटा विचार करून बघा. ज्या बाईचे तीन गर्भ गेले तिचा एचआरव्ही कमी येणारच, कारण तिचं दुःख, तिची जागरणं त्यात उतरली आहेत. आकडा कमी होता म्हणून गर्भ गेले, असं त्यावरून ठरत नाही.

मग गर्भ गेले कशानं? पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ते बीज आणि शुक्राणू एकत्र येताना किंवा त्याच्या आधी घडतं. आईनं जिना चढला, कापूस वेचला, चिडली, रडली, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ताई, हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा. उरलेल्यांत काही कारणं शोधण्याजोगी आणि इलाज करण्याजोगी असतात, आणि पैसे खर्च करायचेच तर इथे करा.

सगळ्यांत महत्त्वाची अँटिफॉस्फोलिपिड तपासणी, म्हणजे रक्तात गाठी होण्याचा कल आहे का ते पाहणारी. लुपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, तिन्ही. गर्भ गेल्यावर किमान सहा आठवडे थांबून करायची, आणि सदोष आली तर बारा आठवड्यांनी परत. एकदाच करून निदान करू नये. हा आजार निघाला तर कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांनी पुढच्या गर्भाचं भविष्य खरोखर बदलतं. म्हणून ही चाचणी राहून गेलेली बाई दिसली की मला वाईट वाटतं. त्याबरोबर थायरॉइडची टीएसएच, साखरेची एचबीए१सी आणि गर्भाशयात पडदा आहे का हे पाहण्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी. पती-पत्नी दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, कोणी करायची हे डॉक्टर इतिहास पाहून सांगतील. तीन गर्भ गेलेल्या जोडप्याला मी ती करायला सांगते. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, शिरपूरकडच्या भिल्ल-पावरा कुटुंबांत सिकलसेलची तपासणी आधी. ती सरकारी दवाखान्यात होते.

टॉर्च नावाची, काही संसर्ग शोधणारी तपासणी आपल्याकडच्या प्रत्येक फायलीत असते. वारंवार गर्भपाताच्या शोधात तिचा उपयोग नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ मध्येच ती सोडून द्यायला सांगितली होती. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं देणंही तसंच, मार्गदर्शिकेनं नको म्हटलेलं.

आता तुमची धडधड. तिला लगेच ‘टेन्शन’ म्हणून टाकू नका, माझ्यासारख्या मानसोपचारवालीनंसुद्धा टाकू नये. तीन वेळा रक्त गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघायचं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका अशक्त रक्ताच्या आहेत, आणि रक्त कमी असलं की हृदय भरून काढायला पळतं. थायरॉइड वाढला असला तरी तेच. ईसीजी काढा. चालताना दम लागत असेल, आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, पाय सुजत असतील, कधी चक्कर येऊन पडला असाल, तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढल्याशिवाय पुढचं गर्भारपण धरू नका. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसलेल्या बायका अजूनही येतात, आणि तोवर ते कुणाला कळलेलं नसतं.

मिसरी लावता का? लाजू नका, आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यातलं निकोटिन नाडी वाढवतं, एचआरव्ही खाली आणतं, आणि गर्भालाही घातक आहे. दिवसातून पाच-सहा वेळा चहा होत असेल तर तोही मोजा. आणि एप्रिल-मे महिन्यांत, भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा शरीरातलं पाणी कमी झालं की कुणाचीही नाडी चढते. त्या दिवसांतला घड्याळाचा आकडा मनावर घेऊ नका.

मुळात त्या आकड्यावर एवढं विसंबू नका. घड्याळ मनगटातल्या रक्तावर उजेड टाकून त्यावरून अंदाज बांधतं. हात हलला, पट्टा सैल असला की चुकतं. एचआरव्ही वयाप्रमाणे कमी होतो, रात्रीच्या झोपेनं बदलतो, आणि पाळीच्या चक्रात पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात खाली येतो. औषधांचाही त्यात हात असतो. अॅमिट्रिप्टिलीनसारख्या गोळीनं तो घटतो, प्रोप्रॅनोलॉलनं वाढतो. बघायचाच असेल तर पाळीच्या त्याच दिवसांत, सकाळी उठल्यावर, पाच मिनिटं शांत पडून, आणि स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून. मैत्रिणीच्या आकड्याशी नाही. एक गोष्ट खास लक्षात ठेवा, कारण यावरून फार घाबरगुंडी उडते. निरोगी गर्भारपणातही नाडी दहा-वीसनं वाढते आणि एचआरव्ही उतरतो. पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर घड्याळ ‘ताण जास्त’ म्हणू लागलं, तर ते गर्भाला धोका असल्याचं चिन्ह नाही. त्या काळात ते घड्याळ कपाटात ठेवलं तरी चालेल.

मनाबद्दल. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी केलेल्या, २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात गर्भ गेलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांमध्ये महिनाभरानं आघातोत्तर ताणाची लक्षणं होती, आणि नऊ महिन्यांनीही १८ टक्के स्त्रियांमध्ये. म्हणजे तो प्रसंग डोळ्यांपुढे परत परत येणं, दचकून उठणं, सोनोग्राफीच्या खोलीच्या दारातही पाय न उचलणं. तुम्ही लिहिलंय की आखाजीला माहेरी गेलात तेव्हा बहिणीच्या बाळाला हातात घेताना छाती इतकी धडधडली की खाली बसावं लागलं. आणि नणंदेच्या डोहाळजेवणाला तुम्हाला मुद्दाम बोलावलं नाही. पहिली गोष्ट आजाराचं लक्षण आहे, आणि ती बरी होते. दुसरी गोष्ट अन्याय आहे. त्यावर गोळी नसते. तिथे तुमच्या यजमानांनी तोंड उघडायला हवं. ओटी भरायला कुणाला बोलावलं, यानं कुणाचा गर्भ जात नाही. भगताकडे नेऊन अंगावरून उतरवून टाकण्यात महिने गेलेल्या बायका मी पाहते तेव्हा अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी किती लांबली, हेच माझ्या डोळ्यांपुढे येतं.

तुमच्यासाठी मी सुरुवात अशी करीन. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी भरून घ्यायची. दहा किंवा जास्त गुण आले तर नीट मुलाखत घेऊन निदान करायचं. आघाताची लक्षणं असतील तर त्यासाठीची बोलण्याची थेरपी, नैराश्य मध्यम किंवा जास्त असेल तर सोबत औषध. पुढे दिवस राहणार आहेत हे धरूनच औषध निवडतात. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा गर्भारपणातला अनुभव भरपूर आहे. दिवस राहिले म्हणून घाबरून गोळी एकदम बंद करू नका, आधी विचारा. जगणं नकोसं वाटत असेल, तसे विचार मनात येत असतील, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानस, १४४१६, रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि श्वास. हा उपाय फुकटचा म्हणून लोक हलक्यात घेतात, पण व्हेगसवर थेट परिणाम करणारं इतकं साधं दुसरं काही माझ्याकडे नाही. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सकाळी दहा मिनिटं, झोपताना दहा मिनिटं. या वेगाला हृदयाच्या ठोक्यांची चढ-उतार आणि रक्तदाबाची चढ-उतार एका तालात येतात, आणि एचआरव्ही त्याच क्षणी वाढलेला दिसतो. यंत्रावर बघत बघत हा सराव केला तर चिंतेची लक्षणं चांगली कमी होतात, असं एकत्रित विश्लेषणांत दिसलं आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळ ओढत प्रार्थना म्हणताना किंवा मंत्र जपताना श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. तुमच्या सासूबाई पहाटे जप करतात असं लिहिलंय. त्यांच्याजवळ बसा, तोच सराव होईल. गर्भारपणातही हे सुरक्षित आहे.

टीएमएस केव्हा? दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊन नैराश्य हटलं नाही, किंवा औषध सोसत नाही, तेव्हा. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्यासाठी बसवलेलं यंत्र, किंवा फिटचा आजार असेल तर नाही. डोकं दुखणं, कॉइलखाली टोचल्यासारखं होणं हे नेहमीचं. फिट येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी. चुंबकक्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं विरतं, पोटापर्यंत नगण्य पोचतं. तरीही गर्भारपणातला पुरावा लहान आहे. २०१९ मधली एक चाचणी २२ गर्भवतींची होती. नैराश्यावर उपयोग झाला, पण उपचार मिळालेल्या गटात तीन बाळंतपणं थोडी लवकर झाली. त्यावरून दोष लावता येत नाही, दुर्लक्षही करता येत नाही. म्हणून मी शक्यतो दिवस राहण्याआधी उपचार पूर्ण करते आणि तोवर गर्भनिरोधक वापरायला सांगते. तुमच्या गावाहून रोज एसटीनं जायचं-यायचं, तेही सहा आठवडे, कापसाच्या हंगामात घरचे किती दिवस सोडतील, हाही उपचाराचाच प्रश्न आहे. तो पैसे भरण्याआधी विचारायचा. कानाला लावायची व्हेगसची क्लिप ऑनलाइन मिळते, ती घेऊ नका. २०२१ च्या एकत्रित विश्लेषणात तिनं एचआरव्हीत फरक पडल्याचं दिसलं नाही. घरी डोक्याला विजेचे पॅड लावून बसणं तर मुळीच नको.

हृदयाचा आणि गर्भपाताचा एक खरा संबंध आहे, तो मात्र कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगतही नाही. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका जास्त असतो. २०१३ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात तो सुमारे दुप्पट आला. उद्याच काही होणार असा याचा अर्थ नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघा, आणि मिसरी कायमची सोडा.

पुढच्या वेळी दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी एकाच डॉक्टरांकडे, ओळखीच्या चेहऱ्यापुढे. नॉर्वेत १९८४ मध्ये असा आधार दिलेल्या स्त्रियांपैकी ८६ टक्के स्त्रियांचं गर्भारपण यशस्वी झालं, आधार न मिळालेल्यांत ३३ टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी यात नुकसान काही नाही, आणि बाईला एकटं वाटत नाही. रक्त दिसलं तर वाट न बघता दाखवा. आधी गर्भ गेलेल्या बाईला त्या वेळी प्रोजेस्टेरॉनचा फायदा होतो, हे ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आणि दुर्दैवानं परत गर्भ गेलाच, तर तो फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका. सलाइनमध्ये ठेवून गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायला सांगा. कारण न सापडलेल्या जोडप्यांचंही चित्र काळं नाही. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत वारंवार गर्भपात झालेल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना पाच वर्षांच्या आत मूल झालं.

तुमच्या यजमानांनी शेवटी विचारलंय की त्यांनी काय करावं. भाऊ, कॅरिओटाइपचं रक्त दोघांचं लागतं, उपाशी यावं लागत नाही, अहवालाला दोन-तीन आठवडे जातात. गुटखा असेल तर आजपासून बंद. तिन्ही वेळचे सोनोग्राफीचे आणि रक्ताचे कागद तारखेप्रमाणे लावून आणा, आणि जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग आणि मानसोपचार या दोन्ही ओपीडी एकाच दिवशी कधी असतात ते आधी विचारून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे महाविद्यालय आहे. तुमचीही झोप उडाली असेल तर त्याच दिवशी तुमच्या नावाचाही केसपेपर काढा.